उद्योगाच्या वाटा : यंत्र कारागिराचा धंदा

अंबड तालुक्यातील आमच्या एका वर्गणीदार गृहस्थांचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांचा धाकटा मुलगा दहावीची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला असून, जालन्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत यंत्र कारागिराच्या वर्गात नाव घालावयाचे त्याने ठरविले आहे. थोरला पुण्यास संगणकाच्या कचेरीत नोकरीस आहे. धाकट्याच्या या निश्चयाने घरात दोन तट पडले आहेत. आजीबाई म्हणतात, आपल्या घराण्यात आजवर कोणी लोखंडाला हात लावला नाही. काका म्हणतात, ज्यांना गणित येत नाही त्यांनी तिकडे जावे. या मुलाला तर गणितात उत्तम गुण आहेत. आईची काळजी निराळी आहे. उद्या मुलाचे पोट त्यावर भरेल काय, आणि सोयरीक जमविताना 'मुलगा काय करतो' या प्रश्नाला उत्तर काय द्यावयाचे, ही विवंचना तिला लागली आहे. पत्राच्या अखेरीस गृहस्थ आम्हांस विचारतात की, मुलाला अडवावे, की आशीर्वाद द्यावा?

एका घरापुरते उत्तर टपालाने धाडता आले असते. परंतु अशा आशयाची पत्रे आमच्याकडे वरचेवर येतात, आणि ज्या घरांतून पत्रे येत नाहीत तेथेही हा वाद जेवणाच्या पानावर चाललेला असतो हे आम्ही जाणतो. यास्तव या महिन्याचे सदर आम्ही याच विषयास दिले आहे. आक्षेप तीन आहेत: घराण्याचा, गणिताचा आणि पोटाचा. त्यांचा क्रमाने परामर्श घेण्यापूर्वी हा धंदा म्हणजे नेमके काय, हे पाहणे अवश्य आहे; कारण ज्याला आपण नाके मुरडतो ते काम आपल्यापैकी बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेलेच नसते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या फलकावर तीन नावे जवळजवळ असतात: कातारी, जोडारी आणि यंत्र कारागीर. कातारी म्हणजे कारखान्यात ज्याला टर्नर म्हणतात तो. त्याच्या लेथवर धातूचा तुकडा गरगर फिरतो, आणि बाजूने सरकत जाणारे हत्यार त्याचा कीस काढीत त्याला गोल आकार देते. यंत्र कारागिराच्या मिलिंग यंत्रावर याच्या उलट प्रकार असतो. तेथे दातेरी हत्यार फिरते आणि कामाचा तुकडा त्याच्याखालून सरकतो. सपाट पृष्ठे, चौकोनी खाचा, दंतचक्राचे दाते ही त्याची कामे. शेपर, स्लॉटर, घासून गुळगुळीत करणारा ग्राइंडर ही यंत्रेही त्याच्याच हाताखाली येतात. जोडारी, म्हणजे फिटर, हे भाग एकमेकांत बसवून यंत्र उभे करतो. घरातील शिवणयंत्र, पिठाची गिरणी, विहिरीवरचा पंप, दारातील मोटारसायकल, यांचे भाग ओतून किंवा ठोकून ढोबळ आकाराला येतात खरे. परंतु ते एकमेकांत बसतील इतके नेमके होतात ते या कारागिरांच्या हातून.

'नेमके' हा शब्द येथे कोणत्या मापाने घ्यावयाचा? जुने मिस्त्री सुतांत बोलत. इंचाचे आठ सूत. पुढे इंचाच्या हजाराव्या भागाची, म्हणजे 'थाऊ'ची भाषा आली. आता कारखान्यातून मायक्रॉनची भाषा चालते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारणतः ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो. दांड्यावर बेअरिंग बसावयाच्या जागी १०-२० मायक्रॉनांची चूक झाली, तर बेअरिंग एक तर सैल पडते किंवा बसतच नाही. केसाच्या चतुर्थांशाएवढ्या अंतरावर ज्याच्या कामाची बरोबर-चूक ठरते, त्याच्या कामाला 'लोखंड कुटणे' म्हणणे हे आपल्या अज्ञानाचे प्रदर्शन होय.

आता जालन्याकडे वळू. 'जालना, सोने का पालना' ही म्हण तेथील व्यापाराच्या भरभराटीवरून पडली. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग या गावावरून गेला आणि कापसाच्या बाजाराला बळ आले. सरकी काढणाऱ्या आणि गाठी दाबणाऱ्या कारखान्यांबरोबर यंत्रे आली, आणि यंत्रे आली म्हणजे ती दुरुस्त करणारा मिस्त्रीही आलाच. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे संकरित बियाण्यांची महिको ही संस्था काढली, आणि १९९८ साली त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे वाचकांस ठाऊक असेलच. परंतु बियाण्यांइतकेच जालन्याचे नाव आज बांधकामाच्या पोलादी सळयांसाठी घेतले जाते. भंगार वितळविणाऱ्या भट्ट्या आणि सळया लाटणाऱ्या रोलिंग मिल यांची तेथील औद्योगिक वसाहतीत दाटी आहे. यंत्र कारागिराचे महत्त्व पाहावयाचे तर त्यासाठी लांब जावयास नको. या सळईकडे पाहिले म्हणजे पुरे.

सळई कशी होते? गृहिणींस हे चटकन समजेल. दोन लाटणी एकावर एक, मध्ये थोडी फट ठेवून फिरत आहेत अशी कल्पना करावी. ही लाटणी, म्हणजे रोल, ओतीव लोखंडाची व बरीच जड असतात, आणि त्यांच्या अंगावर गोल फिरलेले चर कोरलेले असतात. लालभडक तापलेला पोलादाचा दांडा अशा जोड्यांमधून एकामागून एक जातो. प्रत्येक जोडीचा चर आधीच्याहून लहान. होता होता जाड दांड्याची बारीक, लांब सळई होते. अखेरच्या जोडीच्या चरांत बारीक तिरप्या खाचा असतात. सळईच्या अंगावर ज्या वळ्या आपण पाहतो आणि ज्यांच्यामुळे काँक्रीट तिला घट्ट धरते, त्या या खाचांतून उमटतात. हे चर आणि या खाचा कोरणारा कारागीर म्हणजे रोल टर्नर. आपल्या घराच्या स्लॅबमध्ये जी सळई गेली तिचे माप ठरले ते त्याच्या लेथवर.

येथे थोडा हिशेब मांडतो. घर बांधू इच्छिणाऱ्या वाचकांस तो उपयोगीही पडेल. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा आणि त्यास १६२ ने भागावे, म्हणजे एक मीटर सळईचे वजन किलोमध्ये निघते. १२ मिलिमीटरची सळई घ्या: १४४ भागिले १६२, म्हणजे सुमारे ०.८८८ किलो. १२ मीटर लांबीची अखंड सळई सुमारे १०.६६ किलो भरली पाहिजे. भारतीय मानक १७८६ प्रमाणे या जाडीच्या मालाच्या घाऊक वजनात शेकडा ५ इतकीच कमीजास्ती चालते. आता समजा, रोलचा चर झिजला आणि सळई सरासरी १२.२ मिलिमीटरची निघू लागली. फरक डोळ्यांस दिसणारही नाही. पण वजन शेकडा तिनाहून अधिक वाढते, म्हणजे दर १०० टनांमागे सव्वातीन टनांहून अधिक पोलाद जास्त जाते. वजनावर माल घेणाऱ्याच्या पदरी तितक्याच पैशांत सळया कमी पडतात. नगावर विकणाऱ्या कारखानदारास तोटा होतो. उलट चर मुळातच लहान कोरला गेला आणि सळई ११.७ मिलिमीटरची झाली, तर वजन जवळजवळ शेकडा ५ ने घटते. अभियंत्याने तुळईत आठ सळया सांगितल्या म्हणून आठ घातल्या. परंतु त्यांतील पोलाद मात्र सुमारे ७.६ सळयांइतकेच भरले. तीन दशांश मिलिमीटरची ही कथा आहे, आणि तिच्याखाली माणसे झोपतात.

त्यातही कारागिरास दोन गोष्टींची गाठ घालावी लागते. तापलेली सळई थंड होताना शेकडा एकाहून किंचित अधिक आकसते. म्हणून चर थोडा मोठा ठेवावा लागतो. वळ्यांचेही वजन असते. म्हणून सळईचा गाभा तितका लहान ठेवावा लागतो. शिवाय झिजलेला रोल पुन्हा लेथवर चढवून त्याचा वरचा थर काढताना प्रत्येक वेळी रोलचा व्यास घटतो. जास्त कापले तर महागाचा रोल लवकर भंगारात जातो; कमी कापले तर उष्णतेने पडलेल्या सूक्ष्म चिरा तशाच राहून पुढच्या सळयांवर उमटतात. नेमके किती कापावे, याचे कोष्टक कोठल्याही पुस्तकात शेवटपर्यंत दिलेले नसते. ते पाहून पाहून, ऐकून ऐकून, आणि गुरूच्या शेजारी उभे राहून समजते.

येथेच काकांच्या आक्षेपाचे उत्तर अर्ध्याहून अधिक येऊन गेले. तरी पुढे जाऊ. ५० मिलिमीटर व्यासाचा साध्या पोलादाचा दांडा लेथवर लावला आहे, आणि हत्यारापुढून धातू मिनिटाला २५ मीटर वेगाने जावा असे पाहिजे. मग दांडा मिनिटाला किती फेरे फिरवावा? २५ ला १००० ने गुणून त्यास पाय आणि ५० यांच्या गुणाकाराने भागले, म्हणजे उत्तर सुमारे १५९ येते. दांडा निम्म्या व्यासाचा असेल तर फेरे दुप्पट. हे न समजता वेग वाढविला तर हत्याराची धार जळते. घटविला तर दिवस फुकट जातो. दुसरे उदाहरण दंतचक्राचे. मिलिंग यंत्राला जोडलेल्या विभाजकाचा हातदांडा ४० वेळा फिरविला म्हणजे काम एकदा फिरते. २४ दात्यांचे चक्र पाहिजे असेल तर प्रत्येक दात्यास ४० भागिले २४, म्हणजे एक पूर्ण फेरा आणि दोन तृतीयांश. ते दोन तृतीयांश मोजावयाचे कसे? १८ भोकांच्या वर्तुळावर १२ भोके पुढे जाऊन. व्यवहारी अपूर्णांकांचा धडा ज्याने केवळ गुणांसाठी पाठ केला, त्याला तो येथे पहिल्यांदा बोटांनी समजतो.

आता संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे सर्वत्र आली आहेत. अंकांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग यंत्र अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५२ साली लोकांपुढे चालवून दाखविण्यात आले, तेथून ही परंपरा आहे. तेथे हत्याराची प्रत्येक हालचाल निर्देशांकांनी सांगावयाची असते. एक वजा चिन्ह चुकले की हत्यार कामावर आदळते आणि क्षणात मोठे नुकसान होते. तेव्हा 'यंत्र आपोआप चालते, मग माणसाला काय कळावयास पाहिजे' हे म्हणणे 'पंचांग छापलेले मिळते, मग ज्योतिषाला गणित कशाला' अशा जातीचे आहे. गणित येणाऱ्या मुलाने तिकडे जाऊ नये, हे काकांचे विधान उलटे करून घ्यावे लागेल. गणित न येणारा तेथे यंत्राची कळ दाबणारा म्हणूनच राहतो. पुढे जातो तो गणित येणारा.

या धंद्याला गुरुपरंपराही आहे, आणि ती आपल्या कोणत्याही विद्याशाखेस शोभेल अशी आहे. इंग्लंडात हेन्री मॉडस्ले हा वयाच्या बाराव्या वर्षी वुलिच येथील शस्त्रागारात काडतुसे भरण्याच्या कामावर लागला. पुढे जोझेफ ब्रामा या कुलुपे करणाऱ्या कल्पक कारखानदाराकडे तो मुख्य कारागीर झाला. आठवड्याला ३० शिलिंग मिळत. संसार वाढला म्हणून त्याने वाढ मागितली, ती नाकारली गेली, आणि १७९७ साली त्याने स्वतःचे दुकान थाटले. १८०० च्या सुमारास त्याने नेमके आटे पाडणारा लेथ सिद्ध केला. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या जोझेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचे प्रमाणित माप सुचविले. तोवर प्रत्येक कारखान्याचा स्क्रू निराळा असे. ब्रामा आणि मॉडस्ले या दोघांकडेही काम केलेला जोझेफ क्लेमंट हा विणकराचा मुलगा. गणिती चार्ल्स बॅबेज याने आकडेमोडीचे यंत्र कागदावर योजिले, तेव्हा त्याचे भाग धातूत उतरविण्यासाठी त्याला याच क्लेमंटकडे जावे लागले. व्हिटवर्थनेही काही काळ क्लेमंटकडे काम केले होते. ज्या संगणकाचा थोरल्या चिरंजीवांस आणि त्यांच्या काकांस अभिमान वाटतो, त्याच्या आद्य पूर्वजाचे भाग एका लेथवाल्याने केले होते, ही गोष्ट त्या घरात जरूर सांगावी.

आईच्या काळजीस मात्र आम्ही अशा कथांनी उत्तर देणार नाही. तिला हिशेबच द्यावयास पाहिजे. भारत सरकारने कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० साली सुरू केली. यंत्र कारागिराचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून दहावी उत्तीर्ण मुलास त्यात प्रवेश मिळतो. मुलींसही तो खुला आहे. अखेरीस अखिल भारतीय परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे एखाद्या कारखान्यात उमेदवारी करावयाची; तेथे वेतन नव्हे, विद्यावेतन मिळते. जालन्याची औद्योगिक वसाहत जवळ आहे. साठ किलोमीटरच्या आसपास छत्रपती संभाजीनगर आहे. तेथील चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथे मोटारींचे व इतर यंत्रांचे भाग करणारे कारखाने आहेत, आणि हत्यारे व साचे घडविण्याचे उच्च शिक्षण देणारे इंडो-जर्मन टूल रूमही तेथेच आहे.

उमेदवारीनंतर वाटा फुटतात. पहिली वाट कारखान्यातील चढणीची: यंत्र चालविणारा ऑपरेटर, मग नव्या कामासाठी यंत्र जुळविणारा सेटर, मग आज्ञावली लिहिणारा प्रोग्रॅमर, मग पाळीचा पर्यवेक्षक. दुसरी वाट टूल रूमची. तेथे साचे, जिग आणि फिक्श्चर होतात. एकासारखे हजार नव्हे, तर एकच आणि अचूक असे तेथील काम असते. आमच्या मते या धंद्यातील खरे पांडित्य तेथे आहे. तिसरी वाट पुन्हा विद्यालयाकडे जाते: दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्यास तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षास प्रवेश मागता येतो, आणि पदविकेवरून पुढे पदवीही गाठता येते. चौथी वाट अध्यापनाची: निदेशकाचे प्रशिक्षण घेऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकविता येते. रेल्वे, संरक्षण खात्याचे कारखाने यांच्या भरतीचीही दारे आहेत. आणि पाचवी वाट स्वतःच्या दुकानाची. एक जुना लेथ, एक ड्रिल यंत्र, आणि शेतकऱ्यांच्या पंपांची व मळणीयंत्रांची कामे. कितीतरी कारखान्यांचा आरंभ असाच झालेला आहे.

हे सगळे खरे. पण त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे हे मातेची फसवणूक करण्यासारखे होईल. पहिली चार-पाच वर्षे मिळकत बेताची असते. पुष्कळ कारखान्यांत नेमणूक कंत्राटदारामार्फत होते, आणि उमेदवारी संपली म्हणजे तेथेच जागा मिळेल अशी शाश्वती नसते. रात्रपाळी चुकत नाही. त्याहून मोठा धोका निराळाच आहे: मुलाला एकाच यंत्रावर एकच भाग लावावयास व काढावयास उभे करतात, आणि पाच वर्षांनी हातात अनुभवाचा दाखला येतो, विद्या मात्र आलेली नसते. ज्या जागी नवे काम जुळवावयास मिळते ती जागा, पगार थोडा कमी असला तरी, अधिक मोलाची समजावी. स्वतःच्या दुकानाचीही घाई करू नये. यंत्र कर्जाने घेता येते, गिऱ्हाईक कर्जाने घेता येत नाही. माल घेऊन महिनोन् महिने पैसे न देणारी गिऱ्हाइके या धंद्यात थोडी नाहीत.

शरीराचीही जपणूक पाहिजे. फिरत्या लेथपाशी हातमोजे घालणे हा मोठा अपराध होय. मोजा गुंतला की हात ओढला जातो. सैल बाह्या, उपरणे, ओढणी, मोकळे केस, गळ्यातील गोफ, बोटातील अंगठी, हे सर्व घरी ठेवून जावे. चकची किल्ली चकमध्ये विसरून यंत्र सुरू केले तर ती गोळीसारखी सुटते. डोळ्यांस चष्मा, पायांत जाड बूट. कीस काढावयाचा तो हाताने नव्हे, ब्रशाने. मुलाने ही शिस्त पहिल्या महिन्यात अंगी बाणविली तर तो आयुष्यभर दहा बोटांचा धनी राहील.

राहता राहिला आजीबाईंचा आक्षेप. तो सर्वांत जुना म्हणून सर्वांत अवघड. त्यांच्या मनात मुलाविषयी मायाच आहे. पण त्यांच्या वाक्यात आपल्या सबंध वर्गाची एक जुनी खोड बोलत आहे. पोथी आणि कचेरी यांपलीकडे विद्या नाही, हाताला काळे लागले की कुळाला काळे लागले, अशी आपली समजूत. तिचा परिणाम काय झाला? ज्यांना ग्रंथ वाचता येत होते त्यांना हत्यार धरता येईना, आणि ज्यांच्या हाती हत्यार होते त्यांना ग्रंथापासून आपण दूर ठेविले. दोहोंचेही नुकसान झाले, आणि देशाचे सर्वांत अधिक.

ही खोड मोडणारे आपल्यातच झाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ताचे व्यासंगी पंडित. लक्ष्मणरावांस चित्रकलेची हौस होती. परंतु काही रंग ओळखण्यात नेत्रदोष आड आला. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. पुढे बेळगावी सायकलींचे दुकान, कडबा कापण्याची यंत्रे, लोखंडी नांगर असे करीत १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९४१ साली हरिहर येथे किर्लोस्करांच्या कारखान्याने लेथ करावयास घेतले; सरकारचा हिंदुस्थान मशीन टूल्स हा कारखाना १९५३ सालचा, म्हणजे त्यानंतरचा. एका वेदान्ती पंडिताच्या मुलाने लोखंडास हात लावला म्हणून कुळ बुडाले नाही. उलट हजारो कुळांना भाकरी मिळाली.

परंतु आपल्यापैकी कोणी या धंद्यात शिरला म्हणजे त्याने धंद्यावर उपकार केले असे मात्र समजू नये. हे ज्ञान मराठवाड्यात जिवंत ठेविले ते लोहार, सुतार, पांचाळ यांच्या घराण्यांनी आणि गावोगावच्या मुसलमान मिस्त्रींनी. शाळेची पायरी न चढताही आवाजावरून बेअरिंगचा दोष सांगणारी माणसे त्यांत आहेत. अंबडचा हा मुलगा जेव्हा कारखान्यात उभा राहील, तेव्हा त्याचा पहिला गुरू बहुधा असाच कोणी असेल. त्याला 'अहो मिस्त्री' म्हणून नमस्कार करावयास ज्या मुलाला घरी शिकविले असेल, त्यालाच तो आपली विद्या मोकळ्या मनाने देईल. प्रयत्नाचा महिमा सांगणाऱ्या समर्थांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यात आहे. आजीबाईंनी त्याची आठवण करावी, एवढीच आमची त्यांस विनंती.

आता गृहस्थांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. मुलाला अडवू नये. पण आंधळा आशीर्वादही देऊ नये. प्रवेशापूर्वी त्याला एखाद्या ओळखीच्या दुकानात पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ नुसते उभे करावे. तेलाचा वास, आवाज, दिवसभराचे उभे राहणे आणि मिस्त्रीचे बोलणे सोसून त्याला सोळाव्या दिवशीही तेथे जावेसे वाटले, तर त्याची आवड खरी समजावी. मग तीन गोष्टी त्याच्याकडून मागाव्या: गणित सोडणार नाही, यंत्राची पुस्तके वाचता येतील इतके इंग्रजी वाढवीन, आणि पाच वर्षांत एका यंत्रावरून दुसऱ्यावर, चालविण्यावरून जुळविण्यावर जाईन. पालकांनीही एक गोष्ट कबूल करावी: थोरल्याच्या आणि धाकट्याच्या पगाराची तुलना घरात कोणी मोठ्याने करणार नाही. अशा तुलनेने हात खचतो, आणि या धंद्यात हातच मुख्य आहे.

आणि सोयरिकीच्या वेळी कोणी विचारले की मुलगा काय करतो, तर आईने संकोच न करता सांगावे: तो यंत्रांचे भाग करतो, आणि केसाच्या दशांशापर्यंत माप राखतो. हे ऐकून ज्यांना आनंद वाटेल त्यांच्याच घरची मुलगी करावी. इतरांच्या होकार-नकाराची त्या घराला गरज नाही.